विश्लेषण : गिरणी कामगार मुंबईत परततोय, पण कोणत्या मुंबईत?

शेलू आणि वांगणी ही मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरची दोन छोटी स्थानके. बदलापूर मागे पडले की आधी वांगणी लागते, मग शेलू, मग नेरळ. सीएसएमटीपासून ही स्थानके सुमारे ८० किलोमीटरवर आहेत. लालबाग-परळमध्ये उभे आयुष्य घालवलेल्या कामगाराला या गावांशी कधी काम पडले नसेल. मात्र गेल्या काही वर्षांत गिरणी कामगारांच्या घरांचा विषय निघाला की हीच दोन नावे पुढे येतात. गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल, मनोरे उभे राहिले. त्याच जमिनीच्या बदल्यात घर मिळवून मुंबईत परतण्याचा कामगारांचा हक्क सरकारने कागदोपत्री मान्य केला. तो हक्क मुंबईपासून ८० किलोमीटरवर पुरा होऊ शकतो का, हा सध्याच्या वादाचा गाभा आहे.

कामगार मुंबईतून गेले कसे?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे या मागण्या होत्याच. त्याशिवाय मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला एकमेव प्रातिनिधिक संघटना म्हणून दिलेली मक्तेदारी मोडायची होती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि अनेकांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. नव्वदच्या दशकात उरलेल्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या.

संपाच्या काळात मोठ्या संख्येने कामगार गावी गेले आणि त्यांतले बरेच तिथेच राहिले. यामागचे कारण गिरणगावाच्या जुन्या घडीत आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार एकटाच मुंबईत राहायचा. बायकामुले आणि शेताचा तुकडा गावाकडे असायचा. एका गावच्या मंडळींनी मिळून चाळीत एक खोली घेतलेली असे. तिथे पाळीप्रमाणे झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. शहरात त्याचे काम होते, ओळख होती, भजनी मंडळ होते. स्वतःच्या नावावर मात्र काही नव्हते. पगार बंद झाला आणि खानावळीची उधारी वाढली, तेव्हा परतीची एसटी पकडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. अनेकांना वाटले की आपण चार महिन्यांसाठी निघालो आहोत.

घराचा हक्क आला कुठून?

तो आपसूक मिळालेला नाही. १९८९ मध्ये बंद गिरण्यांच्या कामगारांनी संघर्ष समिती उभारली. मॉडर्न मिलमध्ये काम केलेले दत्ता इस्वलकर तिचे नेते होते. पुढे अन्य संघटनाही या लढ्यात उतरल्या. ‘गिरण्या चालवा’ ही पहिली मागणी होती. गिरण्या चालणार नाहीत हे स्पष्ट होत गेले, तसे ‘जमीन विकताय तर आमचे देणे द्या आणि घर द्या’ ही मागणी पुढे आली. २००१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत दुरुस्ती झाली, तेव्हा म्हाडाला मिळणाऱ्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरे बांधण्याची तरतूद नियमात आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, या घरासाठी पात्र ठरतो. संप ज्या महिन्यात सुरू झाला, त्याच महिन्याची पहिली तारीख कट-ऑफ ठरली. त्यामुळे संपात काम गमावलेला माणूसही या यादीत बसतो.

मग जमीन गेली कुठे?

या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. मुंबईतील गिरण्यांची एकूण जमीन ढोबळमानाने ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर तिचे साधारण तीन वाटे करायचे, असे तो सांगत होता. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. मालकांना हे पटणारे नव्हते. त्यांनी जमिनीचा एकत्रित विकास टाळला. जुन्या इमारती जागेवर ठेवून आतला वापर तेवढा बदलण्याची पळवाट शोधली गेली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आधी बोलिंग अ‍ॅली आणि दुकाने आली आणि पुढे मॉल आला. गिरणीची चिमणी तेवढी शोभेला राहिली.

२००१ च्या दुरुस्तीने हा तिढा सोडवला, पण तो मालकांच्या बाजूने. वाटणी संपूर्ण जमिनीची करायची नाही, गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जागेचीच करायची, असा अर्थ त्यातून निघाला. गिरणीचे आवार म्हणजे मुख्यतः इमारती आणि शेड. त्या पाडल्यावर मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली की उरते काय? जनहित याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या अर्थाच्या विरोधात निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती जशीच्या तशी कायम राहिली. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकून सुमारे २,०२० कोटी रुपये उभे केले. त्यातली एकटी मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली.

एक साधा हिशेब करून पाहू. घरासाठी आलेले अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. दुबार आणि अपात्र अर्ज वगळून दीड लाख कुटुंबे धरली आणि प्रत्येकाला २२५ चौरस फुटांचे घर दिले, तर एकूण चटई क्षेत्र होते ३ कोटी ३७ लाख चौरस फूट, म्हणजे सुमारे ७७५ एकर. चार चटई क्षेत्र निर्देशांक मिळाला असे मानले, तर त्यासाठी लागणारी जमीन २०० एकरांच्या आसपास भरते. भिंती, जिने, लिफ्ट, रस्ते धरले तर थोडी अधिक. आता ६०० एकरांचा तिसरा हिस्सा किती? तोही २०० एकर. हिशेब ढोबळ आहे आणि १९९१ मध्ये एवढा निर्देशांक मिळतही नव्हता, हे मान्य. तरी ‘मुंबईत जागाच नाही’ हे वाक्य ऐकताना हा आकडा लक्षात ठेवायला हवा. जागा होती. ती नियमातल्या एका शब्दाच्या अर्थाने हातची गेली. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या लहान तुकड्यांवरची सगळी घरेही कामगारांची नाहीत. त्यातील एक हिस्सा संक्रमण शिबिरांसाठी ठेवला जातो.

आतापर्यंत किती जण परतले?

पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे होती ६,९२५ आणि किंमत साडेसात लाख रुपये. मग २०१६ मध्ये सहा गिरण्यांच्या जागेवरील २,६३४ घरांची सोडत झाली. त्यांची किंमत साडेनऊ लाखांवर गेली होती. त्याच वर्षी पनवेलजवळच्या कोन येथील एमएमआरडीएच्या २,४१७ घरांचीही सोडत निघाली. ही घरे मूळची भाडेतत्त्वावरील योजनेतली. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर केले आणि किंमत सहा लाख ठेवली. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. चारही सोडती मिळून १५,८७० घरे झाली.

म्हणजे अर्जदारांपैकी जेमतेम नऊ टक्के लोकांचा नंबर लागला. आठ वर्षांत १५,८७० घरे, म्हणजे वर्षाला सरासरी दोन हजार. या वेगाने उरलेल्या दीड लाखांसाठी पाऊणशे वर्षे लागतील. २०२० नंतर सोडतीही थांबल्या.

सोडत लागली म्हणजे किल्ली मिळाली, असेही नाही. कोनच्या घरांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सोडतीनंतर पात्रता निश्चितीत वर्षे गेली. करोनाकाळात या इमारती विलगीकरण केंद्रासाठी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाल्या तेव्हा घरांची दुर्दशा झालेली होती आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर म्हाडा आणि एमएमआरडीए यांच्यात पत्रापत्री चालू राहिली. पैसे भरून बसलेल्यांनाही ताब्यासाठी थांबावे लागले.

परतणारा माणूस कोण आहे?

या प्रश्नाकडे सरकार आणि संघटना दोघांचेही पुरेसे लक्ष नाही. १९८२ मध्ये विशीत असलेला, म्हणजे तेव्हाचा सर्वांत तरुण कामगार, आज साठी ओलांडून गेला आहे. तेव्हा चाळिशीत असलेला ऐंशीच्या पुढे आहे, असलाच तर. अर्जदारांमध्ये विधवा पत्नी, मुले आणि काही ठिकाणी नातवंडेही आहेत. यांच्यातल्या अनेकांच्या बाबतीत ‘परतणे’ हा शब्दच लागू पडत नाही. वडील ज्या शहरातून गेले, त्या शहरात मुलगा पहिल्यांदाच येतो आहे. वडिलांनी सांगितलेल्या खुणा शोधायला तो लोअर परळला उतरला तर त्याला काचेचे मनोरे, कार्यालये आणि उपाहारगृहे दिसतील. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नावही २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे.

जे प्रत्यक्ष परळ, लालबाग, वडाळ्यातल्या घरांत राहायला आले, त्यांच्यासमोरचे प्रश्न वेगळे. चाळीत दारे उघडी असत आणि खर्च बेताचा असे. बहुमजली इमारतीत लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक, मालमत्ता कर हे सगळे दरमहा भरावे लागते. निवृत्तिवेतन नावापुरते असलेल्या कुटुंबाला हा खर्च झेपत नाही. मोक्याच्या ठिकाणच्या २२५ चौरस फुटांची बाजारातली किंमत त्याच वेळी सोडतीच्या किमतीच्या कित्येक पट असते. तीन भावांमध्ये एकच घर वाटायचे असेल तर विकणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. विक्रीवर ठरावीक वर्षांची बंदी आहे, ती उलटण्याची वाट पाहिली जाते. कधी तेवढीही नाही.

यावरून ‘कामगारांना घरे दिली तरी ते विकतातच’ असा सूर निघतो. तो अन्यायकारक आहे. गिरणीच्या मालकाने जमीन विकली तेव्हा त्याला कोणी असे विचारले नाही. शिवाय नोकरीच्या भरपाईपोटी मिळालेली ही मालमत्ता आहे आणि वारसाला कर्ज फेडायचे असेल, गावी घर बांधायचे असेल, तर तोही तिचा वापरच. घर देण्यामागचा हेतू ‘कामगाराला शहरात ठेवणे’ असेल तर मात्र धोरणात देखभाल खर्चाचा विचार असायला हवा होता. तो दिसत नाही.

आणखी एक गट आहे, जो मुंबईतून पुरता गेलाच नव्हता. गिरण्या बंद पडल्यावर अनेक कुटुंबे चाळीतली खोली विकून किंवा सोडून डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार, नालासोपारा इथे सरकली. बापाने वॉचमनची नोकरी धरली, आईने पोळ्या लाटल्या, मुलांनी कुरिअरपासून कॉल सेंटरपर्यंत काय मिळेल ते केले. ती रोज लोकलने मुंबईत येतात आणि रात्री परत जातात. त्यांच्यासाठी ‘मुंबईत घर’ याचा अर्थ दिवसातले तीन तास परत मिळणे असा आहे.

शेलू-वांगणीचा वाद काय?

मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून शेलू आणि वांगणी येथे मिळून ८१ हजार घरे कामगारांना देण्याची योजना आणली. ही घरे खासगी विकासक बांधणार. किंमत १५ लाख रुपये. त्यातील साडेपाच लाख सरकार अनुदान म्हणून भरणार आणि कामगाराने साडेनऊ लाख द्यायचे. कागदावर ही योजना मोठी आहे. एका फटक्यात निम्म्या अर्जदारांना घर मिळू शकते आणि साडेनऊ लाखांचा आकडा २०२० च्या मुंबईतल्या घरांएवढाच ठेवला आहे.

अडचणही नेमकी तिथेच आहे. परळमधील घराची जी किंमत, तीच वांगणीतील घराची. वांगणीच्या बाजारभावाशी तुलना केली तर त्यात कामगाराला मिळणारी सवलत किती आणि विकासकाला मिळणारे हमखास गिऱ्हाईक किती, असा प्रश्न संघटना विचारतात. तो चुकीचा नाही. त्यात बदलापूरच्या पुढे लोकल फेऱ्या कमी आहेत, हे कर्जत मार्गावरचा कोणताही प्रवासी सांगेल. सत्तरीतल्या माणसाला साडेनऊ लाखांचे कर्ज कोणती बँक देणार, हाही मुद्दा आहे. कर्ज अखेर मुलाच्या नावावरच निघणार.

संतापाचे सर्वांत मोठे कारण शासन निर्णयातले १७ वे कलम ठरले. देऊ केलेले घर नाकारले तर कामगाराचा घरावरील हक्कच संपेल, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे वांगणी घ्या, नाही तर काहीच नाही. ९ जुलै २०२५ रोजी गिरणी कामगार संघटनांनी एकत्र येऊन आझाद मैदानात आंदोलन केले. पांढऱ्या टोप्या घातलेली, काठी टेकत आलेली म्हातारी माणसे त्या दिवशी मैदानात होती. उद्धव ठाकरे यांनी तिथे येऊन पाठिंबा दिला आणि धारावीत कामगारांना घरे द्यावीत अशी मागणी केली. हे कलम रद्द करण्याचे सरकारने नंतर मान्य केले. त्यामुळे शेलू-वांगणी हा आता पर्याय आहे, सक्ती नाही.

पर्याय म्हणून पाहिले तर योजना सरसकट टाकाऊ म्हणता येणार नाही. ज्याचा मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात किंवा कल्याणमध्ये कामाला आहे, त्याला वांगणी जवळच आहे. कणकवली किंवा पाटणला राहणाऱ्या वृद्ध दाम्पत्याला मात्र तिचा उपयोग शून्य. ते गावही नाही आणि शहरही नाही. या दोघांना एकाच रांगेत उभे करणे ही योजनेची मूळ चूक. अर्ज घेतानाच ‘आज राहता कुठे, काम कुठे, घर राहायला हवे की नाही’ एवढे तीन प्रश्न विचारले असते तर मागणीचे खरे चित्र समोर आले असते. मुंबईतच घर हवे म्हणणारे किती आणि रोख भरपाई चालेल म्हणणारे किती, हे कळल्याशिवाय लाख-दीड लाख घरांचा आकडा हवेत राहतो.

मुंबईत अजून काय शक्य आहे?

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातील गिरण्यांची काही जमीन आणि तिच्यावरच्या जुन्या चाळी अजून उरल्या आहेत. काही खासगी गिरण्यांकडून म्हाडाला मिळायची जमीन ताब्यात येणे बाकी आहे. संघटनांची मागणी आहे की ही जमीन आधी मोजा, ताब्यात घ्या आणि तिथे जितकी घरे होतील तितकी बांधा. मुंबई बंदर प्राधिकरणाच्या जमिनीचा आणि धारावी प्रकल्पाचाही उल्लेख होतो. हे पर्याय बोलायला सोपे आहेत. त्या जमिनींवर आधीच इतरांचे दावे आहेत आणि केंद्राची परवानगी लागते. तरीही उरलेल्या गिरणी जमिनीचा सर्व्हे क्रमांकनिहाय तक्ता सरकारने जाहीर करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

अर्जदारांनी आता काय पाहावे?

म्हाडाने सप्टेंबर २०२३ पासून ऑनलाइन कागदपत्रे घेऊन पात्रता निश्चितीची मोहीम सुरू केली. त्यात एक लाखाहून अधिक अर्जदार पात्र ठरले. गिरणीचे ओळखपत्र किंवा तिकीट क्रमांक, लाल पास, सेवा प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, पगारपावती, प्रॉव्हिडंट फंड किंवा ईएसआयसीचा क्रमांक अशी कागदपत्रे पुरावा म्हणून चालतात. चाळीतून गावी आणि गावातल्या एका घरातून दुसऱ्या घरात जाताना यातले बरेच काही हरवलेले असते. लाल पास नसेल तर निदान फंडाचा जुना क्रमांक सापडतो का, हे घरच्या ट्रंकेत पाहावे. अर्जदार कामगार हयात नसेल तर वारस म्हणून नाव लावून घेणे हे पहिले काम आहे, कारण मृत व्यक्तीच्या नावाने सोडत लागली तरी वारसाचा निकाल लागेपर्यंत ताबा अडतो. भावंडांमध्ये वाद असेल तर तो सोडतीआधी मिटवलेला बरा. शेलू-वांगणीचा पर्याय घेताना संमतिपत्रावर सही करण्याआधी त्याने मुंबईतील सोडतीचा हक्क जातो का, हे त्या कागदावर काय छापले आहे ते वाचूनच ठरवावे.